पंधरा रुपयांत दोघी

बोर्ली पंचतन, २ जुलै १९३२

ती. मामंजींच्या पायांवर मनूचं डोकं.

आज माझा पहिला पगार झाला. पंधरा रुपये. आमच्या मुलींच्या शाळेचा पगारही मुलांच्या शाळेचे हेडमास्तरच वाटतात. त्यांनी वही पुढे केली आणि माझ्यामागे दाराकडे पाहत विचारलं, "पगार घ्यायला घरचं पुरुष माणूस कोण आलंय?" मी म्हटलं, "कोणी नाही. शिकवते मी, सही मीच करणार." त्यांनी टाक पुढे केला. पण ‘मनूबाई शिवदास’ लिहिताना ह्यांच्या नावावरच शाईचा ठिपका पडला.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. विधवा सुनेला पाट लावून मोकळे व्हा, असं काशीदमध्ये सगळे सांगत असताना तुम्ही मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजच्या फाटकात नेऊन सोडलंत आणि मागे वळून न बघता निघालात. आज ते आठवलं.

आता खर्चाचं. नीराबाईंच्या घराची मागची खोली घेतली आहे, भाडं दोन रुपये. नीराबाई इथल्या बाजारात सुकी मासळी विकतात. एकट्याच असतात. आवाज असा की पहिल्या दिवशी मी दचकलेच. तांदूळ पाच पायली, सहा आणे पायलीने. डाळ, तेल, मीठ-मिरची, सरपण, रॉकेल, साबण, टपाल, सगळं धरून नऊ रुपयांत भागतं. चार रुपये तुम्हाला मनिऑर्डरने पाठवले आहेत. तरी दोन उरतात! कॉलेजात गृहव्यवस्थेच्या तासाला कागदावर मांडलेला खर्च नेहमी बरोबर यायचा. माझाही आला.

केसरला सांगा, तिच्या वयनीच्या वर्गात एकतीस मुली आहेत.

तुमची मनू


बोर्ली पंचतन, १९ जुलै १९३२

ती. मामंजी,

पत्राला उत्तर नाही, आणि आज मनिऑर्डर परत आली. फॉर्मवर पोस्टमनने लिहिलंय, ‘घेण्यास नाकारले’. पोस्टमास्तरांनी चार रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. आजूबाजूला लोक होते. मला वर बघवेना.

माझं काय चुकलं? विधवेच्या हातचा पैसा घरात नको, असं रावजी भावोजी म्हणाले का? की तुम्हालाच तसं वाटलं? मी तुमच्या घरी आले तेव्हा तेरा वर्षांची होते. तुमच्या ताटात मी वाढलेलं तुम्ही कधी नाकारलं नाहीत. मग हे का?

रागावला असाल तर रागाचंच पत्र लिहा. पण लिहा.

मनू


काशीद, ६ ऑगस्ट १९३२

मनू मास्तरीणबाईस धर्माजीचा आशीर्वाद.

उशीर झाला. खाडीला उधाण हाय, राजपुरीची तरीची होडी बंद, टपाल तिकडंच अडकतं. शिवाय लावणी चालू होती. चिखलातून वर यायचं आन मंग टाक धरायचा, बोटं वळत न्हायत. पन्नाशीत शिवदासानं मला अक्षर शिकवलं, ते आता तुझ्याच कामी येतंय.

पोरी, राग कसला? टपालवाला आला तवा रावजी ओटीवर बसला होता. "वयनीचे पैसे आले वाटतं," म्हणून तो उठला. पैला रुपया घरात आला की दुसरा हक्कानं मागतील. तिसऱ्या महिन्यात रावजी तुला लिहील, या महिन्यात कमी का? म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, न्हाय घ्यायचे. टपालवाल्यानं दोनदा विचारलं. दोनदा न्हाय म्हटलं. तुझा पगार तुझा हाय. पोस्टात खातं काढ, चार आणे का होईना टाक.

तुझं पत्र मी पाच येळा वाचलं. सहीचा भाग केसरला वाचायला लावला. ती उड्या मारत होती.

एक कर. महिन्याचा खर्च मला लिहीत जा, काय उरलं, काय संपलं. आन सांग, ती खोली केवढी हाय? दोन माणसांना पुरेल काय? नीराबाईची हरकत असंल काय?

धर्माजी


बोर्ली पंचतन, १७ ऑगस्ट १९३२

ती. मामंजी,

तुमचं पत्र वाचून मी नीराबाईंच्या अंगणात बसून रडले आणि त्यांनी मला खूप बोलून घेतलं. "सासरा असा असला तर रडतेस कशाला गो? नाचायचं सोडून!"

खर्च विचारलात, तर लाज सोडून खरं लिहिते. जुलैचा माझा कागद साफ फसला. मडकी, तवा आणि विळी लागेल हे मी धरलंच नव्हतं. छत्रीला सव्वादोन रुपये गेले. वर्गातल्या सहा मुलींकडे पाट्या नव्हत्या, त्या घेतल्या. अठरा तारखेला डब्यात तीन आणे उरले. दोन दिवस पेज आणि मीठ. एकोणिसाला तुम्ही नाकारलेले चार रुपये आले, त्यांच्यावरच महिना तरला. तुम्ही ते घेतले असते तर मला नीराबाईंपुढे हात पसरावा लागला असता. आता मी पगार झाला की आधी तांदूळ, भाडं आणि सरपण बाजूला काढते, मगच बाकीच्या गोष्टींकडे बघते.

आता दुसरं. दोन माणसांना खोली पुरेल का, असं तुम्ही विचारलंत. चार दिवस मी त्याचाच विचार करते आहे. मामंजी, माझा पाट लावायचं तुमच्या मनात आलं असेल तर आधीच सांगते, नको. तुमचा शब्द मी मोडत नाही, पण एवढा मोडीन. परवा मी छत्री घेतली तेव्हा रंग कुठला घ्यायचा ते कोणाला विचारलं नाही. तुम्ही हसाल. पण मला ते फार मोठं वाटलं.

मनू


काशीद, ५ सप्टेंबर १९३२

मनू मास्तरीणबाईस आशीर्वाद.

हसलो. इतका हसलो की रावजीची तुळशी आतून बघायला आली, आबांना काय झालं म्हणून. पाट न्हाय गो बाय. मी केसरसाठी विचारत होतो.

आता हसण्याचं न्हाय ते लिहितो. रावजीनं केसरचं ठरवलंय. मुरुडचा लाकडाचा ठेकेदार, चाळीस वर्षांचा, बायको मेलेली, दोन पोरं. पोरीच्या बदल्यात आपल्याला दोनशे रुपये देज देतो म्हणतो. रावजीला शेजारचं शेत घ्यायचंय. कार्तिकात तुळशीविवाह झाला की बार उडवायचा म्हणतो. केसर तेरा वर्षांची. तिला कळलं त्या दिवशी ती शिवदासाची जुनी पाटी घेऊन गोठ्यात जाऊन बसली, जेवायला आली न्हाय.

मी बाप हाय, न्हाय म्हणू शकतो. म्हटलंसुद्धा. पण शिवदास गेल्यावर मी कारभार रावजीच्या हाती दिला, आता भाऊबंद त्याच्या बाजूनं बोलतात. पोर इथं राहिली तर आज न्हाय उद्या ते तिला बोहल्यावर उभी करतील. ती तुझ्याकडं आली, शिकायला लागली, तर तोंड बंद होतील. पण मला इथून पायलीभर तांदूळ धाडता येणार न्हाय. कणगीवर रावजीची नजर हाय.

म्हणून विचारतो. तुझ्या पंधरात दोघी जगाल काय? न्हाय म्हणालीस तर मला वाईट वाटणार न्हाय. खरं सांग.

धर्माजी


बोर्ली पंचतन, ११ सप्टेंबर १९३२

ती. मामंजी,

जगू. केसरला पाठवा.

रात्रीचा विचार सकाळी बदलतो असं तुम्ही म्हणाल, म्हणून पत्र आल्यावर तीन दिवस थांबून लिहिते आहे. कागदावर नीट मांडलंय. भाडं दोन रुपये तेच, नीराबाई म्हणाल्या पोरीचं वेगळं भाडं घेणार नाही. तांदूळ सहा पायली. डाळ, तेल, मीठ-मिरची अडीच रुपये. सरपण दीड, रॉकेल एक. केसरची चौथी झाली आहे, पुढचं मी शिकवीन. पण इंग्रजी मला येत नाही. ते मला आलं असतं तर माझा पगार पंचवीस असता. म्हणून हेडमास्तरांकडे तिची इंग्रजीची शिकवणी, दोन रुपये. पुस्तकांना एक, दोघींच्या कपड्यांसाठी महिन्याला दीड बाजूला, साबण-टपाल बारा आणे. सगळं मिळून साडेचौदा. आठ आणे पोस्टात.

बघा, उरतातसुद्धा. काळजी करू नका.

मनू


काशीद, २४ सप्टेंबर १९३२

मनूस,

तुझा हिशेब वाचला. खोटा हाय.

मी आयुष्यभर भात पेरला, कापला, झोडला, मापला. तुला एकटीला पाच पायली लागते असं तूच जुलैत लिहिलंस. आन आता दोघींना सहा? केसर एकटी पाच पायली खाते, वाढतं अंग हाय. आन डाळ-तेल-मीठ दोघींना मिळून अडीच रुपयांत? म्हंजे तू सकाळी शाळेत जाताना खाणार, संध्याकाळी "मला भूक न्हाय" म्हणणार. माझी बायको दुष्काळात असंच म्हणायची. मला ओळखता येतं.

मला फसवलंस याचा राग न्हाय आला. कागद हातात धरून मी खळ्यात उभा राहिलो आन मला पुढचं दिसंना. पण असं चालणार न्हाय. एका पोरीला वाचवायला दुसरीला उपाशी ठेवणारा मी बाप न्हाय. केसर येणार न्हाय. मी इथंच काय ते बघतो.

धर्माजी


बोर्ली पंचतन, २ ऑक्टोबर १९३२

ती. मामंजी,

पकडलंत. तुमच्यापुढे तांदळाचं खोटं लिहायला मी कशी धजावले कोण जाणे.

तर आता खरा हिशेब. तांदूळ दहा पायली आणि डाळ-तेल चार रुपये धरले तर दर महिन्याला अडीच रुपये कमी पडतात. ते कुठून येतील हे मला तेव्हाही ठाऊक होतं. लिहायची हिंमत नव्हती, म्हणून कागदावर स्वतःचं पोट कापलं.

नीराबाईंकडे किनाऱ्यावरच्या कोळणी बोंबील, सुकट घेऊन येतात. व्यापारी येतो, वजन करतो, तोंडाने भाव सांगतो, आणि दर खेपेला काहीतरी घोळ होतो. ऑगस्टात एका रविवारी मी सहज वही घेऊन बसले. कोणाची टोपली, किती वजन, काय भाव, सगळं लिहिलं आणि शेवटी बेरीज मोठ्याने वाचली. व्यापारी म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत शिकवा ना." पण पैसे त्याने माझ्या बेरजेप्रमाणे दिले. तेव्हापासून दर रविवारी मी तिथे बसते. नीराबाई महिन्याला तीन रुपये देणार आहेत. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "फुकट काम करशील तर उद्या माझ्या दाराशी येऊ नको."

तुमची सून, शिवदास मास्तरांची बायको, सुकटीच्या ढिगाशेजारी गोणपाटावर बसून कोळणींचा हिशेब लिहिते. अंगाला वास येतो, दोनदा आंघोळ करावी लागते. तुम्हाला हे कमीपणाचं वाटेल, असं मला वाटलं.

वाटत असेल तर तसं लिहा. काम मी सोडणार नाही. आणि केसरला तुम्ही आणली नाहीत तर दसऱ्याच्या सुट्टीत मी स्वतः न्यायला येईन. रावजी भावोजींच्या समोरून.

मनू


काशीद, १६ ऑक्टोबर १९३२

मनू मास्तरीणबाईस आशीर्वाद.

काशीदला सुखरूप पोचलो. येताना तरीत वारा चांगला होता.

तुझ्याकडं केसरला सोडायला आलो, दोन दिवस राहिलो, पण तोंडावर मला बोलता आलं न्हाय. म्हणून लिहितो. आम्ही रविवारी आलो. तुझी खोली बंद होती. नीराबाईच्या पडवीत आवाज येत होता म्हणून तिकडं गेलो. तू गोणपाटावर बसली होतीस, मांडीवर वही, आन दहा-बारा कोळणी तुझ्याभोवती. तू एकेकीचं नाव घेऊन तिचे पैसे वाचत होतीस. एक म्हातारी म्हणाली, "परत वाच गो बाय, माझं नाव परत वाच." आपलं नाव कागदावर हाय हे तिला ऐकायचं होतं. तू परत वाचलंस. तिसऱ्यांदा पण वाचलंस. मी खांबाआड उभा राहिलो. केसर म्हणाली, "आबा, वयनीला हाक मारू?" मी म्हटलं, थांब. जरा बघू दे.

कमीपणा म्हणतेस. माझा शिवदास शाळेत मास्तर होता तवा मला वाटायचं, ह्याच्याहून मोठं काय असणार. त्या दिवशी वाटलं, तो असता तर माझ्याशेजारी खांबाआड उभा राहून बघत बसला असता.

घरी सगळं ठीक हाय. रावजी दोन शब्द बोलला, बोलू दे. कापणी चालू हाय. जेवणखाण येळेवर होतं. माझी काळजी नको.

केसरनं पोटभर खावं. तू पण.

धर्माजी


बोर्ली पंचतन, ६ नोव्हेंबर १९३२

ती. मामंजी,

काल रावजी भावोजी आले होते. दुपारी शाळा सुटली तेव्हा फाटकाशी उभे होते. मला वाटलं, झालं, केसरला ओढून न्यायला आले. तरी मी त्यांना घरी आणलं. नीराबाई तर कोयता घेऊनच अंगणात बसल्या आणि उगाचच नारळ सोलू लागल्या.

मी म्हटलं, "भावोजी, आधी जेवा." ते बसले. घास हातात घेतला, पण तोंडात घालवेना. मग म्हणाले, "वयनी, आबांना तुम्ही समजवा. वीस दिवस झाले. माझ्या चुलीवरचं खात न्हायत. ओटीवर तीन दगड मांडलेत. दिवसभर माझ्याबरोबर भात कापतात आन संध्याकाळी तिथं फुंकर मारत पेज शिजवतात. तुळशी ताट घेऊन जाते, ते तिला म्हणतात, तुझ्यावर राग न्हाय पोरी, ताट आत ने. केसरचं लग्न मोडत न्हाय तोवर ह्या घरचा घास न्हाय म्हणतात. गाव येऊन बघून जातो."

‘जेवणखाण येळेवर होतं,’ असं लिहिलंत ना मला? मामंजी, माझ्या सहा पायलींचं खोटं तुम्ही एका वाचनात पकडलंत. तुमचं मला पकडता आलं नाही. पासष्ट वर्षांच्या माणसाने दिवसभर कापणी करून धुरात पेज शिजवावी आणि मला पोटभर खा म्हणून लिहावं! मी भावोजींच्या समोरच रडले. तेही.

मग मी म्हटलं, "समजावीन. पण त्यांना काय सांगू? लग्न मोडलं म्हणून सांगू का?" त्यांनी घास ताटात परत ठेवला. तेवढ्यात केसर शिकवणीहून आली. भावोजींना बघून नीराबाईंच्या मागे गेली. त्यांनी तिला विचारलं, "पोटभर जेवतेस ना गो?" ती म्हणाली, "वयनी माझ्या ताटात जास्त वाढते. मग मी तिच्या ताटात परत टाकते. रोज भांडतो आम्ही." मग स्वतःच पुढे आली आणि म्हणाली, "दादा, मी येणार न्हाय. मारलंस तरी न्हाय."

ते म्हणाले, "मी मारायला आलोय होय?" आणि उठून हात धुतले. जाताना दारात थांबून त्यांनी माझा पगार किती ते विचारलं. मी सांगितलं. मग निघून गेले. काय ठरवलं ते बोलले नाहीत. मला भीती वाटते आहे. लगेच लिहा.

मनू


काशीद, १५ नोव्हेंबर १९३२

मनूस आन केसरला आशीर्वाद.

खोटं लिहिलं ते चुकलं. तुला सांगितलं असतं तर तू केसरला घेऊन इकडं धावली असतीस, म्हणून लिहिलं न्हाय. आता खरं लिहितो.

रावजी बोर्लीहून निघाला तो घरी न येता थेट मुरुडला गेला. ठेकेदाराला त्याच्या वखारीत जाऊन सांगितलं, माझी भैन शिकते हाय, लग्न न्हाय. ठेकेदार फार बोलला म्हणे. चार माणसं ऐकत होती. रावजी मान खाली घालून ऐकून घेऊन आला. हे मला त्यानं न्हाय, मुरुडात भेटून त्याच्याबरोबर गेलेल्या आपल्या गावच्या अंबाजीनं सांगितलं.

संध्याकाळी मी ओटीवर पेज ठेवली होती. रावजी आला. माझ्या चुलीतली लाकडं ओढून काढली, पाणी मारलं, तिन्ही दगड उचलून पागोळीला नेऊन टाकले. मंग म्हणाला, "आबा, ताट वाढलंय."

आम्ही शेजारी जेवायला बसलो. तुळशीनं कोलीम मासळीचं कालवण केलं होतं. अर्धं जेवण झाल्यावर रावजी म्हणाला, "वयनीचा पगार खरंच पंधराच हाय?"

मी म्हटलं, "पंधराच."

"त्यात दोघी राहतात. भाडं देतात. केसर इंग्रजी शिकते. अंगावर धड कपडे हायत. मला जेवायला वाढलं त्यात मासळी होती."

मी म्हटलं, "व्हय."

मंग तो कणगीकडं बघत म्हणाला, "आबा, मंग आपल्या घरात एवढं भात येतं, आन तरी मला सारखं कमी पडतंय असं का वाटतं?"

मी पुढचा घास घेतला. वीस दिवसांनी घरच्या ताटावर बसलो होतो, तुळशी वाढत होती, आन भात गरम होता.

धर्माजी